नमपायमधलं एररस्टेट आणि आकडेमोडीतल्या चुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायथनमध्ये आकडेमोड करणाऱ्या मंडळींकडून हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, म्हणून सगळी उत्तरं एके ठिकाणी लिहून ठेवते आहे. कोडमधले शब्द आपण बोलतो तसे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच त्यांचं नेहमीचं रोमन स्पेलिंग वापरायचं. नमपाय म्हणजे पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी, आणि 'एनपी' हे तिचं, आपण इम्पोर्ट करताना देतो तेच छोटं नाव.

साध्या पायथनमध्ये शून्याने भागलं की प्रोग्राम थांबतो. नमपायमध्ये तो पुढे का जातो?

कारण दोघांनी वेगळा निर्णय घेतलेला आहे. साध्या पायथनमध्ये १.० भागिले ०.० केलं की झीरोडिव्हिजनएरर येते आणि काम तिथेच थांबतं. नमपाय मात्र दहा लाख आकड्यांचा अ‍ॅरे एका दमात हाताळतं. त्यातला एक आकडा बिघडला म्हणून उरलेले नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव फेकून देणं बहुतेक वेळा परवडणारं नसतं. म्हणून ते आयईईई ७५४ या, संगणकातल्या दशांशी आकडेमोडीच्या मानकाच्या वाटेने जातं. हे मानक १९८५ साली आलं, आणि २००८ व २०१९ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या मानकानुसार शून्याने भागल्यावर उत्तर म्हणून अनंत, म्हणजे 'इन्फ', लिहिलं जातं. ज्याला उत्तरच नाही तिथे 'नॅन' लिहिलं जातं. त्याच वेळी प्रोसेसर एक खूण, म्हणजे फ्लॅग, वर करून ठेवतो.

त्या खुणेचं पुढे काय करायचं, हे नमपाय तुमच्यावर सोडतं. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत तर ते रनटाइमवॉर्निंग दाखवून पुढे जातं.

एररस्टेट म्हणजे नेमकं काय?

खूण वर झाली तर काय करायचं, हे कोडच्या ठरावीक तुकड्यापुरतं सांगण्याची सोय म्हणजे एररस्टेट. तो कॉन्टेक्स्ट मॅनेजर आहे, म्हणजे 'विथ' लावून वापरायचा:

विथ एनपी.एररस्टेट(डिव्हाइड='रेज', इनव्हॅलिड='इग्नोर'):
    उत्पादकता = उत्पादन / क्षेत्र

'रेज' म्हणजे एरर देऊन थांबणं, 'इग्नोर' म्हणजे गप्प राहून पुढे जाणं, आणि 'वॉर्न' म्हणजे वॉर्निंग दाखवून पुढे जाणं. ब्लॉकमध्ये शिरताना जुनी सेटिंग बाजूला ठेवली जाते, नवी लागू होते, आणि बाहेर पडताना जुनी परत बसते. बाहेर कसंही पडा, ओळी संपल्या म्हणून, मधेच 'रिटर्न' आलं म्हणून किंवा एरर फुटली म्हणून, जुनी सेटिंग परत येतेच. 'विथ' ही सोय पायथनमध्ये २००६ साली २.५ आवृत्तीत आली. त्याआधी हेच काम ट्राय आणि फायनली लिहून हाताने करावं लागायचं, आणि फायनली लिहायचं राहून गेलं की सेटिंग सांडायची.

एकात एक ब्लॉकही लावता येतात. आतल्या ब्लॉकमध्ये जे प्रकार तुम्ही लिहाल तेवढेच बदलतात, बाकीचे बाहेरच्या ब्लॉककडून जसेच्या तसे येतात.

डिव्हाइड, ओव्हर, अंडर, इनव्हॅलिड यांत फरक काय? शून्य भागिले शून्य कशात येतं?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

शून्य नसलेल्या सांत संख्येला शून्याने भागलं की 'डिव्हाइड' आणि उत्तर इन्फ. शून्याचा लॉगॅरिदमही यातच येतो, उत्तर उणे इन्फ. शून्य भागिले शून्य मात्र 'डिव्हाइड' नव्हे, ते 'इनव्हॅलिड' आणि उत्तर नॅन. ऋण संख्येचं वर्गमूळ, ऋण संख्येचा लॉगॅरिदम आणि इन्फमधून इन्फ वजा करणं, हेही इनव्हॅलिडच. उत्तर मावेनासं झालं की 'ओव्हर'. ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशी संख्या साठवण्याच्या प्रकारात, सर्वांत मोठी संख्या साधारण १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात, त्यामुळे 'एक्स्प' ला, म्हणजे ई चा घात काढणाऱ्या फंक्शनला, ७०९ दिलं तर चालतं, ७१० दिलं की उतू जातं. ३२ बिटांत ही मर्यादा ८८ आणि ८९ च्या मध्येच गाठली जाते, आणि १६ बिटांत तर ६५५०४ च्या पुढे आकडाच नाही. उत्तर शून्याच्या इतकं जवळ गेलं की नीट लिहिता येत नाही, ते 'अंडर'.

न सांगता लागू असणारी सेटिंग अशी: डिव्हाइड, ओव्हर आणि इनव्हॅलिड यांना 'वॉर्न', आणि अंडरला 'इग्नोर'. मानकात पाचवा प्रकारही आहे, उत्तर तंतोतंत न बसल्याचा. पण ०.१ अधिक ०.२ करतानाही तो घडतो, त्यामुळे नमपाय तो विचारातच घेत नाही.

आता वरच्या उदाहरणाकडे परत या. तालुकानिहाय उत्पादन भागिले पेरणीचं क्षेत्र म्हणजे हेक्टरी उत्पादकता. एखाद्या तालुक्यात ते पीक घेतलंच नाही, तर उत्पादन शून्य, क्षेत्रही शून्य. तिथे नॅन येणं अगदी बरोबर आहे, कारण त्या तालुक्याला उत्पादकता नाहीच. पण उत्पादन ४००० टन आणि क्षेत्र शून्य असेल, तर कुणाची तरी नोंद चुकली आहे. पहिली गोष्ट इनव्हॅलिड, दुसरी डिव्हाइड. म्हणून मी एकाला इग्नोर केलं आणि दुसऱ्याला रेज. मानक लिहिणाऱ्यांनी हे दोन प्रकार वेगळे ठेवले, त्याचं मोल असल्या फाइलवर काम करताना कळतं.

मग फाइलच्या सुरुवातीलाच 'सेटएरर', म्हणजे हीच सेटिंग ब्लॉकशिवाय बदलणारं फंक्शन, लिहून सगळं एकदाच बंद केलं तर काय बिघडतं?

वरचं उदाहरण मी मनाने रचलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात अशीच फाइल माझ्याकडे होती. नोटबुकच्या पहिल्या सेलमध्ये 'एनपी.सेटएरर(ऑल='इग्नोर')' ही ओळ होती. लाल चौकटी दिसू नयेत म्हणून कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली, आणि मीही ती तशीच राहू दिली. खाली कुठेतरी 'एनपी.आयएसफायनाइट' लावून सांत आकडे तेवढे गाळून घेतले होते. तक्ता सुबक झाला, अहवाल गेला. आठवड्याने एका तालुक्यातून साधा प्रश्न आला: "आमचा तालुका यादीत कुठे आहे?"

क्षेत्राच्या रकान्यात शून्य टंकलं गेलं होतं. उत्तर इन्फ आलं, गाळणीत अडकलं आणि तालुका अहवालातून गायब झाला. संगणकाने वेळेवर सांगितलं होतं, आपणच त्याचं तोंड बंद करून ठेवलं होतं. हजारो शेतकऱ्यांचं पीक एका ओळीमुळे कागदावरून पुसलं जाऊ शकतं, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून माझ्या कोडमध्ये सेटएरर मोकळं सोडलेलं सापडणार नाही.

सेटएरर तुमच्या ओळीपुरतं थांबत नाही. तिच्यानंतर जे जे चालेल, तुम्ही इम्पोर्ट केलेल्या दुसऱ्याच्या लायब्ररीतलं गणितसुद्धा, त्या सगळ्याला ती सेटिंग लागते. एररस्टेटचं कुंपण असतं. कोणती वॉर्निंग का गप्प केली, हे त्या कुंपणाशेजारी एका ओळीत लिहिता येतं. सेटएररशेजारी काय लिहिणार?

वॉर्न, इग्नोर, रेज सोडून आणखी पर्याय आहेत का?

आहेत: 'प्रिंट', 'कॉल' आणि 'लॉग'. प्रिंट थेट स्क्रीनवर लिहितो. कॉल तुम्ही दिलेलं फंक्शन चालवतो आणि त्याला दोन गोष्टी देतो, चुकीचं नाव आणि फ्लॅगचा आकडा. त्या आकड्यात डिव्हाइडचा १, ओव्हरचा २, अंडरचा ४ आणि इनव्हॅलिडचा ८. लॉगला 'राइट' मेथड असलेली वस्तू द्यावी लागते.

माझा नेम असा: शोध घेताना रेज, रोजच्या वापरात वॉर्न, आणि इग्नोर फक्त तिथे जिथे कारण सांगता येतं.

'रेज' लावलं, एरर आली, पण कोणत्या आकड्याने घात केला ते कळत नाही.

कळणारही नाही. नमपाय सगळा अ‍ॅरे मोजून झाल्यावर प्रोसेसरच्या खुणा तपासतं. त्या खुणा "काहीतरी झालं" एवढंच सांगतात, कोणत्या क्रमांकावर झालं ते नाही. जागा आपल्यालाच शोधावी लागते:

विथ एनपी.एररस्टेट(ऑल='इग्नोर'):
    तपास = उत्पादन / क्षेत्र
जागा = एनपी.फ्लॅटनॉनझीरो(एनपी.आयएसइन्फ(तपास))

'जागा' मध्ये क्रमांक येतात, त्यावरून तालुक्यांची नावं काढा. मूळ फाइलमधली ती ओळ प्रत्यक्ष उघडून बघा, चूक बहुतेक वेळा तिथेच दिसते.

एक धोका लक्षात असू द्या. 'आउट' देऊन उत्तर जुन्याच अ‍ॅरेत लिहायला सांगितलं असेल, तर एरर येईपर्यंत त्या अ‍ॅरेत नवे आकडे पडलेले असतात. एरर पकडून "जुना डेटा शाबूत आहे" असं समजू नका.

मी झीरोडिव्हिजनएरर पकडतो आहे, तरी प्रोग्राम फुटतोच. का?

रेज केल्यावर नमपाय फ्लोटिंगपॉइंटएरर फेकतं, झीरोडिव्हिजनएरर नव्हे. दोघी सख्ख्या बहिणी, एकीला पकडून दुसरी सापडत नाही. त्यांच्या वर अरिथमेटिकएरर आहे, दोन्ही हव्या असतील तर तिला पकडा. साध्या पायथनचं मॅथ मॉड्यूल तर आणखी वेगळं वागतं: शून्याचा लॉग मागितला की व्हॅल्यूएरर, एक्स्पला १००० दिलं की ओव्हरफ्लोएरर. एररस्टेटचा मॅथ मॉड्यूलवर काहीही परिणाम होत नाही.

'एनपी.व्हेअर' मध्ये शून्य वगळलं आहे, तरी वॉर्निंग येते.

व्हेअर हे फंक्शन आहे. त्याच्या हातात जाण्याआधीच भागाकार पूर्ण अ‍ॅरेवर होऊन गेलेला असतो. व्हेअर फक्त तयार उत्तरांतून निवड करतं. शून्याच्या जागी भागाकार होऊच नये असं वाटत असेल तर 'एनपी.डिव्हाइड' लाच 'व्हेअर' द्या:

उत्तर = एनपी.डिव्हाइड(उत्पादन, क्षेत्र, आउट=एनपी.फुल(क्षेत्र.शेप, एनपी.नॅन), व्हेअर=क्षेत्र > ०)

इथे 'आउट' विसरू नका. ते दिलं नाही तर वगळलेल्या जागी मेमरीत आधी पडलेला कुठलाही कचरा आकडा राहतो, आणि तो बरेचदा खराखुरा वाटतो. नॅन निदान लपत नाही.

वॉर्निंग एकदाच आली, म्हणजे चूक एकदाच झाली ना?

नाही. पायथनची नेहमीची चाल अशी की एका जागची तीच वॉर्निंग पहिल्यांदाच दाखवायची. लूप दहा हजार वेळा फिरला आणि प्रत्येक वेळी ओव्हरफ्लो झाला, तरी स्क्रीनवर एकच ओळ दिसेल. किती वेळा झालं हे मोजायचं असेल तर 'कॉल' वापरून छोटा कॉन्टेक्स्ट मॅनेजर स्वतः लिहा. मी हा जवळपास प्रत्येक प्रकल्पात ठेवते:

@कॉन्टेक्स्टमॅनेजर
डेफ चुका_नोंदवा():
    नोंद = []
    डेफ लिही(प्रकार, फ्लॅग):
        नोंद.अपेंड(प्रकार)
    विथ एनपी.एररस्टेट(ऑल='कॉल', कॉल=लिही):
        यील्ड नोंद

वापरताना 'विथ चुका_नोंदवा() अ‍ॅज नोंद:' लिहायचं आणि ब्लॉक संपल्यावर नोंद मोजायची. हा आकडा किती क्रियांमध्ये गडबड झाली ते सांगतो, किती घटक बिघडले ते नाही. अंडरफ्लोही यात येतात, ते नको असतील तर 'अंडर' ला वेगळं इग्नोर द्या.

एररस्टेटमध्ये सगळं इग्नोर केलं, तरी "मीन ऑफ एम्प्टी स्लाइस" दिसतंच.

कारण ती वॉर्निंग प्रोसेसरच्या खुणेवरून आलेलीच नाही. रिकाम्या अ‍ॅरेची सरासरी मागितली म्हणून नमपायच्या कोडने ती स्वतःहून, पायथनच्या वॉर्निंग्ज मॉड्यूलमधून दिलेली आहे. एररस्टेटची सत्ता फक्त खुणांवर चालते. तिथे 'वॉर्निंग्ज.कॅच_वॉर्निंग्ज' हा दुसरा कॉन्टेक्स्ट मॅनेजर लागतो. पण तो लावण्याआधी अ‍ॅरे रिकामा का झाला ते बघा. गाळणी चुकीची लागलेली असू शकते.

'कॉन्टेक्स्टलिब.सप्रेस' इथे कामाचं नाही. ते एरर गिळतं, वॉर्निंग नाही, आणि एरर गिळली की ब्लॉकमधल्या पुढच्या ओळी चालतच नाहीत.

इनव्हॅलिडला रेज लावलं आहे. तरीही उत्तरात नॅन आले, एरर मात्र नाही. हे कसं?

नॅन फाइलमधूनच आले असतील. मानकानुसार नॅन नव्याने जन्मतो तेव्हा खूण वर होते. आधीपासून असलेला नॅन पुढच्या बेरजेत, गुणाकारात शांतपणे वाहत जातो. सीएसव्हीतला रिकामा रकाना वाचताना नॅन झाला, तर त्यावर कितीही गणित करा, एररस्टेटला पत्ता लागत नाही. म्हणून मी डेटा आत घेतानाच 'एनपी.आयएसनॅन' ने मोजणी करून आकडा छापते. दारावर एकदा मोजलं की आत सापडलेला प्रत्येक जास्तीचा नॅन आपल्या गणिताचा, हे नक्की होतं.

पांडाज, सायपाय, पायटॉर्च या दुसऱ्या लायब्रऱ्यांना एररस्टेट लागू होतं का?

पांडाजला भागाकारासारख्या क्रियांत होत नाही. तिथे ते स्वतःच आतून एररस्टेट लावून सगळं इग्नोर करतं. त्यामुळे तुम्ही बाहेर रेज लावलंत तरी दोन सिरीजच्या भागाकारात इन्फ गुपचूप येतो. माझ्या त्या तालुक्यासारखी गोष्ट पांडाजमध्ये घडायला सेटएररचीही गरज नाही, हे ध्यानात घ्या. उपाय सोपा आहे: दोन्ही रकाने 'टू_नमपाय' करून घ्या, भागाकार ब्लॉकमध्ये करा, उत्तर परत रकान्यात ठेवा.

सायपायच्या 'स्पेशल' भागाचं स्वतःचं वेगळं एररस्टेट आहे, 'सिंग्युलर', 'डोमेन', 'लॉस' अशा वेगळ्या प्रकारांचं, आणि तिथे न सांगता जवळपास सगळं इग्नोर असतं. गॅमाएलएनला शून्य दिलं की निमूट इन्फ मिळतो. एरर हवी तर त्यांचंच एररस्टेट लावावं लागतं.

पायटॉर्च नमपायचं काही ऐकत नाही. मॉडेल शिकताना उलट्या दिशेच्या गणितात नॅन कुठून आला ते शोधायला त्याचा 'डिटेक्ट_अ‍ॅनॉमली' हा कॉन्टेक्स्ट मॅनेजर आहे. त्याने काम बरंच मंदावतं, म्हणून शोध संपला की काढून टाका. जॅक्समध्ये याच कामाला 'डीबग_नॅन्स' आहे. नंबाने कंपाइल केलेल्या फंक्शनलाही नमपायचं एररस्टेट पोचत नाही. तिथे 'एरर_मॉडेल' ठरवावं लागतं.

थ्रेड वापरले की सेटिंग हरवते. काय करायचं?

एररस्टेट कामगार फंक्शनच्या आत लावा, बाहेर नव्हे. नवा थ्रेड साधारणपणे कोऱ्या सेटिंगने सुरू होतो. मुख्य थ्रेडमध्ये तुम्ही रेज लावलेलं त्याला माहीत नसतं. अनेक प्रोसेस चालवत असाल तरी हीच सवय ठेवा.

नमपाय २.० ही आवृत्ती जून २०२४ मध्ये आली, तेव्हापासून एररस्टेट पायथनच्या कॉन्टेक्स्टव्हार्सवर चालतं. आधी सेटिंग थ्रेडला चिकटलेली असायची. एसिंक कोडमध्ये ब्लॉकच्या मधेच 'अवेट' आलं की त्याच थ्रेडवरच्या दुसऱ्या टास्कलाही ती लागायची. आता तसं होत नाही. त्याच आवृत्तीपासून आणखी एक बदल झाला: एररस्टेटची एकच वस्तू व्हेरिएबलमध्ये ठेवून दोनदा 'विथ' करता येत नाही, एरर येते. दर वेळी नवी बनवा.

जनरेटरपासून, म्हणजे 'यील्ड' ने एकेक उत्तर देत मधेच थांबणाऱ्या फंक्शनपासून, मात्र अजूनही जपावं लागतं. जनरेटरमध्ये एररस्टेटच्या ब्लॉकच्या आत 'यील्ड' लिहिलंत, तर नियंत्रण बाहेर जातं आणि सेटिंग उघडीच राहते. बोलावणाऱ्याच्या गणितालाही ती लागते. गंमत अशी की वरचं 'चुका_नोंदवा' याच गुणावर चालतं. तिथे आपल्याला तेच हवं आहे. साध्या जनरेटरमध्ये मात्र आधी उत्तर काढा, ब्लॉक संपवा आणि मग यील्ड करा.

डास्कसारखी लायब्ररी तर ब्लॉकमध्ये फक्त कामाची यादी बनवते, खरं गणित 'कम्प्यूट' म्हटल्यावर होतं. तेव्हा तुमचा ब्लॉक कधीच संपलेला असतो.

पूर्णांकांचं काय? तिथेही ओव्हरफ्लो पकडतं का?

अ‍ॅरेत नाही. ८ बिटांच्या पूर्णांक अ‍ॅरेत १२७ मध्ये १ मिळवला की उत्तर उणे १२८ येतं, ना वॉर्निंग ना एरर. एकटी संख्या असेल तर वॉर्निंग मिळते, अ‍ॅरे असेल तर नाही. पूर्णांकांना इन्फ किंवा नॅन नसतो, त्यामुळे पूर्णांक भागिले शून्याचं, म्हणजे दोन तिरप्या रेघांच्या भागाकाराचं, उत्तर ० येतं. तिथे निदान डिव्हाइडची वॉर्निंग असते.

फ्लोटचं पूर्णांकात रूपांतर करताना विशेष जपा. ४ जून १९९६ रोजी कुरूहून निघालेलं एरियान ५ हे युरोपीय रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. ६४ बिटांच्या फ्लोटमधला आडव्या गतीशी संबंधित एक आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबताना मावला नाही, आणि त्या रूपांतराला संरक्षण दिलेलं नव्हतं. तो कोड एरियान ४ वरून आलेला होता, तिथे आकडा कधी इतका मोठा होतच नसे. धोक्याच्या सात राशींपैकी चारांना संरक्षण होतं, तिघांना नव्हतं. प्रोसेसरवर भार वाढू नये म्हणून तो निर्णय विचार करूनच घेतलेला होता, पण जुन्या रॉकेटच्या आकड्यांवर.

नमपाय १.२४ पासून नॅनला पूर्णांक करताना इनव्हॅलिडची खूण मिळते, म्हणजे एररस्टेट तिथे पोचतं. आकडा मावतो की नाही याची खूण मात्र हार्डवेअरवर अवलंबून आहे, तिच्यावर विसंबू नका. 'एनपी.आयइन्फो' कडून किमान आणि कमाल मागा, आणि रूपांतराआधी स्वतः तपासा.

पैशांचा हिशेब आहे. एररस्टेट लावू का?

पैशांसाठी फ्लोटच वापरू नका. डेसिमल मॉड्यूल घ्या. त्याचा कॉन्टेक्स्ट मॅनेजर 'लोकलकॉन्टेक्स्ट', आणि मला तो एररस्टेटपेक्षाही जास्त आवडतो. न सांगता २८ अंकांची अचूकता, शून्याने भागणं, अवैध क्रिया आणि ओव्हरफ्लो या तिन्हींवर एरर. त्याच्या भाषेत याला 'ट्रॅप' म्हणतात.

दोन ट्रॅप मुद्दाम लावून बघा. 'फ्लोटऑपरेशन' लावला की कुणी चुकून डेसिमलला ०.१ हा फ्लोट दिला तर लगेच एरर येते. आकडे अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणूनच द्यायचे ही शिस्त आपोआप लागते. 'इनएक्झॅक्ट' लावला की कुठेही पूर्णांकन होऊन पैसे निसटले तर तिथेच थांबतं. नमपायने जो पाचवा प्रकार सोडला, तो इथे हाताशी आहे.

विथ लोकलकॉन्टेक्स्ट() अ‍ॅज सी:
    सी.ट्रॅप्स[इनएक्झॅक्ट] = ट्रू
    एकूण = सम(रकमा)

बेरीज तंतोतंत हवीच, म्हणून तिथे हा ट्रॅप शोभतो. टक्केवारी काढताना तो लावू नका, एक तृतीयांशसुद्धा काढता येणार नाही. पूर्णांकनाची पद्धतही बघून घ्या. न सांगता ०.१२५ चे दोन स्थळांपर्यंत ०.१२ होतात, कारण बरोबर मध्यावरचा आकडा सम अंकाकडे जातो. शाळेत शिकलेलं ०.१३ हवं असेल तर 'राउंड_हाफ_अप' त्याच ब्लॉकमध्ये ठरवा.

एररस्टेटने प्रोग्राम मंद होतो का?

मोठ्या अ‍ॅरेभोवती एकदा लावलं तर जाणवतही नाही. लूपच्या आत, एकेका संख्येभोवती लाखो वेळा लावलंत तर जाणवेल. लूपबाहेर लावा. पूर्ण फंक्शनला हवं असेल तर १.१७ पासून ते डेकोरेटर म्हणूनही वापरता येतं.

कधी इग्नोर करणं अगदी योग्य असतं?

सिग्मॉइडचं उदाहरण घ्या: १ भागिले, १ अधिक एक्स्प उणे क्ष. क्ष उणे १००० असेल तर एक्स्प १००० होऊन इन्फ येतो, १ भागिले इन्फ म्हणजे ०, आणि ० हेच बरोबर उत्तर आहे. वाटेत ओव्हरफ्लो झाला, पण पोचलो योग्य जागी. इथे 'ओव्हर' तेवढा इग्नोर करा, 'ऑल' नको, आणि शेजारी हे कारण लिहा.

त्याहून चांगलं म्हणजे सूत्रच बदलायचं. सायपायचं 'एक्स्पिट' हेच काम वॉर्निंगशिवाय करतं. सॉफ्टमॅक्समध्ये आधी सर्वांत मोठा आकडा वजा करा. लॉगमधल्या बेरजेसाठी 'लॉगअ‍ॅडएक्स्प' आहे, १ च्या अगदी जवळच्या आकड्यांच्या लॉगसाठी 'लॉग१पी' आहे.

टेस्टमध्ये हे कसं तपासायचं?

चुकीच्या डेटावर कोड थांबतोच, हे टेस्टने सिद्ध करा. पायटेस्टचं 'रेजेस' हाही कॉन्टेक्स्ट मॅनेजरच, त्याला फ्लोटिंगपॉइंटएरर द्या आणि आत आपलं फंक्शन बोलवा. पायटेस्टच्या 'फिल्टरवॉर्निंग्ज' सेटिंगमध्ये 'एरर' लिहिलं की टेस्ट चालताना प्रत्येक वॉर्निंग एरर बनते. सुरुवातीला पुष्कळ टेस्ट पडतील, एकेक करून बघत जा.

उत्पादकतेच्या फंक्शनला माझ्याकडे आता तीन ओळींची टेस्ट आहे: एक साधा तालुका, एक पीक न घेतलेला आणि एक उत्पादन असूनही क्षेत्र शून्य असलेला. पहिल्याला आकडा मिळाला पाहिजे, दुसऱ्याला नॅन, आणि तिसऱ्याला फंक्शनने हाक मारून थांबलं पाहिजे. त्या तिसऱ्या ओळीतला आकडा मी तेव्हाच्या फाइलमधून जसाच्या तसा उचलून ठेवला आहे.